तालुक्यातल्या गावची सरकारी प्राथमिक शाळा: पहिलीत मुलंच नाहीत, मुलीला घालावं का?

प्रतापनगरची_अनु

नमस्कार मंडळी, प्रश्न शाळेचा आहे आणि जरा लांबणार, सांभाळून घ्या.

नवऱ्याची बँकेत बदली झालीय, डभोईच्या पुढे एका गावात. नाव लिहीत नाही, गाव एवढं लहान आहे की शाळा कुठली ते लगेच कळेल आणि तिथल्या बेनना (शिक्षिकांना) उगाच त्रास. अगदी खेडं नाही तसं, बाजार आहे, बस स्टँड आहे, कापसाचं जिनिंग आहे, पण संध्याकाळी आठनंतर सगळं चिडीचूप. इतके दिवस तो बडोद्याहून जा-ये करत होता, आता जूनपासून बिऱ्हाडच हलवायचं ठरवलंय, तीन वर्षं तरी काढायचीत, आणि मुलगी मे महिन्यात सहाची होतेय म्हणजे नेमकी पहिली.

गावात जिल्हा पंचायतीची शाळा आहे, पहिली ते आठवी. पूर्वी कुमार शाळा आणि कन्या शाळा वेगळ्या होत्या त्या आता एक केल्यात. इमारत चांगली, लिंबाची मोठी झाडं, मैदान तर बडोद्यातल्या भारी फीवाल्या शाळांना लाजवेल असं. बाहेर बोर्डवर इयत्तावार संख्या लिहिलेली असते ना, कुमार, कन्या, कुल, ती उभी राहून वाचली. आठवीत चाळीसच्या वर आणि पहिलीत चौदा. पोटात गोळाच आला. म्हणजे गावातल्याच लोकांचा शाळेवरचा विश्वास उडालाय की काय?

बाकी गावात इंग्लिश मीडियम दोन. त्यातली एक दुकानांच्या वरच्या मजल्यावर, मैदान म्हणजे खालचं पार्किंग, पण पहिलीचा वर्ग खचाखच. तिसरा पर्याय डभोईला ईको व्हॅनने पाठवायचं, त्यासाठी साडेसहाला घर सोडायला लागेल, सहा वर्षांच्या पोरीने.

सासूबाई म्हणतात मी गावच्याच शाळेत शिकले, काय बिघडलं. जाऊबाई म्हणतात बँक मॅनेजरची मुलगी सरकारी शाळेत, लोक काय म्हणतील. लोकांचं मला नाही पडलेलं, मुलगी नीट वाचायला शिकेल का एवढंच हवंय. घरी मराठी बोलतो, गुजराती तिला मैत्रिणींमुळे फाडफाड येतं. पटसंख्या कमी झाली म्हणजे शाळा वाईट असंच धरायचं का? आणि चांगली की वाईट हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं?

मांजलपूरचा_अमित

सरळ सांगतो, नका घालू. तीन वर्षांनी बडोद्याला परत याल तेव्हा चौथीत चांगल्या शाळेत एडमिशन मिळणार नाही, मिळाली तरी इंग्रजीत पोरगी मागे पडेल आणि मग ट्यूशन लावत बसाल. व्हॅनची सवय होते मुलांना, आमचा भाचा रोज जातो. आणि चौदा मुलं म्हणजे ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही तेवढीच उरलीत, एवढं साधं गणित आहे.

निवृत्त_बाई_वाडी

अमितभाई, गणित एवढं साधं असतं तर मी निवृत्त होईपर्यंत रजिस्टर भरत कशाला बसले असते. अनु, मी जन्मभर जिल्हा पंचायतीच्या शाळांतच शिकवलं, सावलीकडे, वाघोडियात, शेवटची वर्षं डभोई तालुक्यातच, तेव्हा बोर्ड कसा वाचायचा ते ऐक.

पहिली गोष्ट, आठवी आणि पहिली यांची तुलनाच करायची नाही. आजूबाजूच्या वस्त्यांत, लहान गावांत शाळा पाचवीपर्यंतच असतात, सहावीला ती सगळी पोरं तुमच्या मोठ्या गावच्या शाळेत येतात. म्हणून वरचे वर्ग नेहमीच फुगलेले दिसतात. तू पहिली ते पाचवी ओळीने लिहून घे आणि तेवढंच बघ.

दुसरी गोष्ट वयाची. २०२३च्या जूनपासून आपल्याकडे गुजरातेत १ जूनला सहा पूर्ण असतील तरच पहिली. त्याआधी पाच वर्षांची पोरं पहिलीत बसायची. नियम लागला त्या वर्षी पाचची सगळी पोरं बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात गेली आणि पहिलीचे वर्ग ओस, जवळजवळ सगळ्या गावांत हेच. ती बारीक तुकडी आता एकेक इयत्ता वर सरकतेय. मधल्याच एखाद्या वर्गात संख्या अचानक खाली गेलेली दिसली तर ती तीच, त्यात शाळेचा काही दोष नाही. बालवाटिकेत किती आहेत ते मात्र विचार, पुढच्या वर्षीची पहिली तिथेच बसलेली आहे.

तिसरी गोष्ट आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा. खासगी शाळेत पहिलीच्या २५ टक्के जागा गरीब घरच्या मुलांना, फी सरकार भरतं. २०२५ला उत्पन्नाची मर्यादा ६ लाख केली, त्याआधी गावात १ लाख २० हजार होती. आता सांग, गावात ६ लाखांच्या आतलं कोण नाही? फॉर्म भरायला सगळा गाव सायबर कॅफेत. आणि हा प्रवेश पहिलीतच मिळतो, म्हणजे फटका बसतो तोही बरोबर पहिलीला. सरकारच एका हाताने शाळा चालवतं आणि दुसऱ्या हाताने त्यातली मुलं शेजारच्या शाळेत पाठवतं, असो, माझं मत विचारलं नाहीये कुणी.

आता खरी काळजीची गोष्ट. पट घसरला की नुसता बोर्ड वाईट दिसत नाही, माणूस जातो. पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं तर दोन शिक्षक, एकसष्ठ ते नव्वद तर तीन, एकशेवीसपर्यंत चार. म्हणजे पाच वर्ग आणि तीन शिक्षक हे कायद्यातच बसतं. साठाच्या खाली आलात की वध-घट (जास्त-कमी) कॅम्पमध्ये एक शिक्षक ‘वध’ म्हणजे जादा ठरतो आणि त्याला दुसऱ्या गावी उचलतात. मग उरलेल्या दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, वरून बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन हजेरी, कसल्या कसल्या एंट्र्या. पालक बघतात की दोन वर्ग एकाच खोलीत बसलेत, ते आणखी दोन पोरं काढतात. हे मी एका शाळेत डोळ्यांनी बघितलंय, चांगली चालणारी शाळा चार-पाच वर्षांत अशीच बसली आणि कुणाचंही काम वाईट नव्हतं.

तेव्हा शिक्षक एकूण किती ते विचारून उपयोग नाही. पहिली-दुसरीला कोण आहे, कायमचे की अकरा महिन्यांच्या करारावरचे ज्ञान सहायक, आणि त्या बेन निवृत्तीला किंवा बदलीला आल्यात का, हे विचार. ज्ञान सहायकांना कमी लेखत नाही हं, जीव तोडून शिकवणारे आहेत, पण २१ हजारांत आणि पुढच्या वर्षी इथे असू की नाही या टांगणीवर कोण किती दिवस टिकणार.

आणि जायचंच तर साध्या दिवशी जा, मंगळवार-बुधवार, दुपारच्या जेवणाच्या आधी. प्रवेशोत्सवाला नको, त्या दिवशी साहेब येतात, रांगोळ्या असतात, सगळ्याच शाळा छान दिसतात. तिसरीतल्या एखाद्या मुलीला दुसरीच्या पुस्तकातलं मधलंच पान उघडून वाचायला सांग. पहिला धडा नाही, तो सगळ्यांना पाठ असतो.

आकडेमोड

बाईंनी बरोबर सांगितलंय, थोडी भर.

सरकारी शाळेतली मुलं कमी होण्यात करोनाचाही हात आहे, उलट्या दिशेने. प्रथम या संस्थेच्या असर पाहणीत ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८ला ६५.६ टक्के होती, २०२२ला ७२.९ झाली कारण लॉकडाऊनमध्ये लोकांकडे फी भरायला पैसे नव्हते आणि गावोगावच्या छोट्या खासगी शाळा बंद पडल्या, आणि २०२४ला परत ६६.८. म्हणजे आलेली मुलं परत गेली, जिथे होतो तिथेच आलो. मधल्या फुगवट्याशी तुलना केली की घसरण भयंकर वाटते.

शिवाय २०२२-२३पासून यूडायसला (सरकारची शाळांच्या माहितीची नोंद) एकेका मुलाची नोंद नावानिशी भरायला लागली, आधार जोडून. त्याआधी एकाच पोराचं नाव सरकारी शाळेतही असायचं आणि खासगीतही. देशाचा एकूण शालेय पट २६ कोटींच्या वर दाखवत होते तो २०२३-२४ला २४.८ कोटी झाला. यातली किती खरी पोरं कमी झाली आणि किती नुसती रजिस्टरमधली, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता वाचनाचं. असर २०२४मध्ये सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ला हे १६.३ होतं, म्हणजे सुधारलंय, पण चारातलं एकही धड नाही. पाचवीत ४४.८. खासगीत पाचवीचं हे साठच्या आसपास आहे. तेव्हा खासगीत घातलं की वाचता येतं असंही नाही, पाचातली दोन तिथेही अडकतात, फी भरून. आणि खासगीतली मुलं मुळातच शिकलेल्या आई-बापांची जास्त, तो फरक वजा केला तर शाळेचा स्वतःचा वाटा किती उरतो देव जाणे. अनुताईंच्या घरी आई रोज पुस्तक घेऊन बसणार असेल तर त्या या सरासरीत बसतच नाहीत.

गायकवाडी_माणूस

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. ज्या बडोदा राज्यात आपण बसून हे बोलतोय तिथे सयाजीराव महाराजांनी १८९३ला अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ला सगळ्या राज्यात. मुलं शाळेत नाही पाठवली तर आई-बापाला दंड व्हायचा. गोखल्यांनी १९११ला इंग्रजांपुढे सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला होता. तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी कुमार शाळा नि कन्या शाळा त्याच जमान्यातल्या. आज त्याच शाळेत घालायला लोक लाजतात.

मांजलपूरचा_अमित

काका, महाराजांना आमचाही मुजरा. पण तुमचे नातू कुठल्या शाळेत जातात ते पण लिहा 😄

गायकवाडी_माणूस

सीबीएसई. सुनेचा निर्णय. पुढे बोला.

करजणची_मीनल

मी लिहू का, कारण इथे सगळे आकडे सांगतायत आणि माझा मुलगा खरोखरच सरकारी शाळेत जातो, चौथीत आहे, करजणजवळच्या गावात, आमचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. आधी आम्ही पण इंग्लिश मीडियमलाच घातला होता केजीला, तिथे त्या मिस स्वतः बारावी झालेल्या आणि पोरांना सारखं इंग्लिशमध्ये बोला इंग्लिशमध्ये बोला करून गप्प बसवायच्या कारण त्यांनाच बोलता यायचं नाही, तर हा घरी येऊन मुका झाल्यासारखा बसायचा. मग काढला.

सरकारीत काय चांगलं ते सांगते. पुस्तकं फुकट, जेवण मिळतं, पहिली-दुसरीला प्रज्ञावाले कार्ड असतात, पोरं गोल करून खाली बसतात आणि ज्याचं त्याचं आपापल्या गतीने चालतं, माझ्या मुलाला ते फार मानवलं. इंग्रजी सुरुवातीला तोंडीच, गाणी वगैरे, त्यामुळे स्पेलिंगला तो कच्चा आहे हे मी मान्य करते, मी घरी घेते थोडं. वाईट काय तर वर्षातून कितीतरी दिवस बेन ट्रेनिंगला नाहीतर निवडणुकीच्या कामाला, मग दुसऱ्या वर्गाचे भाई येऊन फक्त गप्प बसा म्हणतात. टॉयलेट स्वच्छ असतंच असं नाही, मुलगी आहे तर ते आधी बघ. आणि वर्गातली निम्मी पोरं शेतमजुरांची, कापूस वेचायच्या दिवसांत महिनाभर गायबच होतात, परत आली की बेन मागचं परत शिकवतात आणि माझा मुलगा तोवर कंटाळतो. हे पण धरून चाल.

लोक काय म्हणतील याचं सांगायचं तर म्हणतातच, माझ्या नणंदेने तोंडावर विचारलं की धंदा नीट चालत नाहीये का.

हो आणि इंग्लिश मीडियमला घातलं म्हणून गुजराती सुटेल असं समजू नका, २०२३चा कायदा झालाय, पहिली ते आठवी सगळ्या बोर्डांना गुजराती शिकवायलाच लागतं. बडोद्याला परत गेलीस तरी ते वाया जाणार नाही. शिवाय पाचवीनंतर सरकारी शाळेतल्या मुलांसाठी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते, त्यातून निवासी शाळा आणि स्कॉलरशिप, आमच्या शाळेतल्या दोन मुली लागल्यात.

प्रतापनगरची_अनु

सगळ्यांचे खूप आभार. बाईंनी सांगितलं तसं बुधवारी गेले, न कळवता. नवऱ्याला म्हटलं तू येऊ नकोस, मॅनेजर साहेब आले की चहा-खुर्च्या सुरू होतील.

आचार्यांना (मुख्याध्यापकांना) सांगितलं की मुलीला घालायचा विचार आहे, ते आधी माझ्याकडेच बघत राहिले, म्हणाले बेन, तुम्ही चुकून तर नाही ना आलात. मग स्वतः फिरवलं. संख्या लिहून घेतली, पहिली चौदा, दुसरी एकोणीस, तिसरी अकरा, चौथी बावीस, पाचवी चोवीस. ती तिसरीची अकरा बघून मला बाईंची बारीक तुकडी आठवली, त्यांना विचारलं तर म्हणाले हो हो, तेच वर्ष. बालवाटिकेत अठरा आहेत. म्हणजे परिस्थिती मला वाटली तेवढी वाईट नाही पण पहिली ते पाचवी मिळून नव्वदच, काठावर आहेत.

पहिली आणि दुसरी एका खोलीत, एकच बेन. बालवाटिकेला वेगळं कुणी नाही, ती पोरंही बराच वेळ त्यांच्याच खोलीच्या कोपऱ्यात. हे काही मला आवडलं नाही. पण बेन जबरदस्त निघाल्या. मी तिसरीतल्या एका मुलीला दुसरीच्या पुस्तकातलं मधलं पान दिलं, ती बोट ठेवून वाचत गेली, सावकाश पण अर्थ कळून, हसायच्या जागी हसली, फक्त जोडाक्षराला अडली. दुसऱ्या मुलाला शब्दच जुळवता येईनात. मला वाटलं बेन कारणं सांगतील. त्यांनी कपाटातून साधी शंभर पानी वही काढली, एका बाजूला मुलांची नावं, पुढे महिन्यांचे रकाने, अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट असं काय काय येतं त्याच्या खुणा. त्या मुलाच्या नावापुढे अक्षर, अक्षर, मग दोन महिने कोरे, मग परत अक्षर. म्हणाल्या बाप ऊसतोडीला सुरतेकडे जातो, याला बरोबर नेतो, परत येतो तेव्हा मी पहिल्यापासून धरते. ही वही कुणी मागितलेली नाही, कुठे अपलोड पण होत नाही.

त्या दिवशी कुणाच्या तरी आजोबांच्या तिथीचं भोजन होतं, पुरी, बटाट्याचं शाक आणि मोहनथाळ, मलाही आग्रहाने बसवलं. टॉयलेट बघितलं मीनलताई, मुलींचं वेगळं आहे, पाणी आहे, कडी तुटलेली.

मग दुकानांच्या वरच्या शाळेतही गेले, न्याय सगळ्यांना सारखा. तिथे दुसरीच्या मुलाने इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखवला, मी खुश. पान उलटून पुढचं वाक्य दाखवलं तर त्याने परत तोच धडा पहिल्यापासून म्हटला. मॅडम म्हणाल्या तो चॅप्टर अजून झालेला नाही.

मांजलपूरचा_अमित

हा हा, ठीक आहे, एक पॉइंट तुमचा. पण एका खोलीत तीन वर्ग हे पण बघितलंत ना? त्या बेनची बदली झाली तर काय करणार? तुम्ही शाळा नाही, एक बेन बघून आलात.

निवृत्त_बाई_वाडी

अमितभाई इथे बरोबर आहेत, मी नाही म्हणणार नाही. लहान शाळेत एक बाई गेली की शाळाच बदलते. म्हणून अनु, बेनना एकदा एकटीला विचार की बदली कॅम्पमध्ये फॉर्म भरलाय का, घर कुठे आहे, नवरा कुठे नोकरीला. रोज बडोद्याहून जा-ये करत असतील तर आज ना उद्या जवळची शाळा मागणारच, त्यात त्यांची चूक नाही. गावातच राहत असतील तर तुझी तीन वर्षं निघून जातील.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, मुलगी घातलीस तर तिथे जाऊन बस. बँकेतल्या माणसाची बायको मीटिंगला बसली की कडी दुसऱ्या दिवशी लागते, हे वाईट आहे पण असंच आहे. बालवाटिकेसाठी वेगळं माणूस लेखी मागा, आचार्य एकटे मागत असतील तर फाईल तशीच पडते, पालकांच्या सह्या असल्या की तालुक्याला निदान उत्तर द्यावं लागतं.

देवनागरी तू घरी शिकव, किंवा आजीवर सोपव. गुजराती लिपी आधी आली की मराठीला फार वेळ लागत नाही, आमच्या वाडीतली कितीतरी पोरं अशीच शिकली.

प्रतापनगरची_अनु

बेन गावातच राहतात, शाळेच्या मागच्या गल्लीत, सासर तिथलंच. विचारून आले काल.

मन बरंचसं तिकडे झुकलंय, नवरा अजून अर्धा तयार आहे, त्याचं म्हणणं पहिली-दुसरी इथे करू आणि मग बघू. आचार्यांचे दोन वेळा फोन येऊन गेले, जन्माचा दाखला आणि आधार घेऊन लवकर या म्हणतात, नव्वदच्या वर एक जरी नाव टिकलं तर चौथा शिक्षक मागता येईल म्हणे.

करजणची_मीनल

मग जाच लवकर 😄 आणि घर कुठे बघितलंयस? शाळेच्या बाजूला मिळालं तर बघ, पण उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं ते घरमालकाला नाही, शेजारणीला विचार.